बर्फाच्या कारखान्यातलं खत

निसर्ग वादळ आलं त्या दिवशी आबिदाच्या वाडीत एकच झाड उभं राहिलं, कुंपणावरची जुनी उंडी. बत्तीस पोफळी आणि नऊ माड दुपारच्या दोन तासांत आडवे झाले. मागून खाडीचं पाणी आत शिरलं, ते दोन दिवस हललं नाही. पाणी ओसरल्यावर जमिनीवर मिठाची पांढुरकी साय धरली होती. काशीद-मुरूड रस्त्यावरच्या त्या गावात बहुतेकांच्या वाड्यांची हीच गत झाली, त्यामुळे रडायला कुणाला सवड नव्हती.

तीन महिन्यांनी तिचा नवरा अब्दुस्समद कुवेतहून परत आला. सव्वीस वर्षं तो तिथे उंच इमारतींच्या बांधकामांवर क्रेन चालवायचा. महामारीत कंपनीने माणसं कमी केली, त्यात त्याचं नाव निघालं. दर दोन वर्षांनी तो दीड महिना यायचा तेव्हा घर कसं भरून जायचं. आता तो कायमचा आला होता आणि पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असायचा. मुलगा मुसअब दोहाला, मुलगी अनम लग्न होऊन पनवेलला. घरात दोघंच, आणि दोघांना एकमेकांची सवय नव्हती.

"वाडीत आता काय उरलंय?" तो एकदा म्हणाला. "पेव्हर ब्लॉक घालून टाकू. पर्यटकांच्या गाड्या तरी लागतील."

त्या वाडीत आबिदाने एकटीने सव्वीस पावसाळे काढले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फावडं घेतलं आणि पोफळींची सडकी झापं एका खड्ड्यात ओढायला लागली.

मीठ धुवायला पाऊस लागतो आणि रेतीला धरून ठेवायला खत लागतं, एवढं तिला ठाऊक होतं. शेजारच्या काळूरामच्या गोठ्यातलं शेण आलं. किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ तिने विहिरीच्या पाण्यात तीनतीनदा धुतलं आणि खड्ड्यात घातलं. कालवणातून उरलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या पाट्यावर ठेचून भुगा केला. मासळीची घाण कोळीवाड्यातल्या नीराबाईकडून मिळाली. नीराबाई वीस वर्षं तिच्या दारावर मासे घेऊन येत होती.

"डोकी, आतडी, कल्ले, सगळं ठेव माझ्यासाठी," आबिदा म्हणाली.

"आन् करतेस काय त्याचं, भाभी? मांजरं पाळलीस?"

"जमिनीला घालते."

नीराबाईने पाटी खाली ठेवली आणि खड्ड्यात वाकून बघितलं. "हातभर खोल पूर, न्हायतर गावची कुत्री इथं मुक्कामाला येतील." मग म्हणाली, "खतच पायजे तर बर्फाच्या कारखान्यात चल. माळ्यावर पाकोळ्या हायत. हजारानं."

धक्क्याजवळचा बर्फाचा कारखाना बारा वर्षं बंद होता. नीराबाईचा नवरा तिथे बर्फ फोडायचा. तो गेल्यावरही मालकाने चावी तिच्याकडेच ठेवली होती. आत पाऊल टाकलं आणि आबिदाच्या नाकात जो उग्र वास शिरला, तो तिने चाळीस वर्षांत घेतला नव्हता, तरी लगेच ओळखला. तिचे अब्बा म्हसळ्याकडचे. डोंगरातल्या गुहेतून ते पाकोळ्यांची विष्ठा आणायचे आणि पानवेलींना घालायचे. पाकोळी म्हणजे किडे खाणारं लहान वटवाघूळ. तिच्या विष्ठेत किड्यांच्या पंखांचे तुकडे चमकतात. आबिदाने चिमूटभर तळहातावर घेऊन उजेडात धरलं. चमकत होते.

तिने दोन गोणी भरल्या. अब्दुस्समदने फाटकातच नाक धरलं.

"ही नापाक वस्तू घरात?"

"घरात नाही, उंडीखाली. माझे कामाचे कपडेपण तिथेच राहतील. आंघोळ केल्याशिवाय मी नमाजाच्या मुसल्ल्यावर पाय ठेवणार नाही. बस?"

तो खुर्चीत जाऊन बसला.

पहिल्याच घासाला खडा लागतो म्हणतात, तसंच झालं. पाऊस संपल्यावर आबिदाने मिरचीची साठ रोपं लावली आणि प्रत्येकाच्या बुडाशी मूठमूठ ताजं खत घातलं. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. आठवड्याने अकरा रोपं उरली. ती वाफ्याशी उकिडवी बसून राहिली. पडवीतून नवरा बघतोय हे तिच्या पाठीला कळत होतं, आणि तो काही बोलला नाही याचा तिला जास्त राग आला.

नीराबाईने रोपं पाहिली आणि जीभ चावली. "मसाला म्हनून घालायचा ग भाभी, भाजी म्हनून न्हाय."

तेव्हा आबिदाला आठवलं, अब्बा ते खत पाल्याखाली एक पावसाळा झाकून ठेवायचे. लहानपणी तिला वाटायचं, लपवून ठेवतात. तिने उरलेल्या गोणी खड्ड्यात रिकाम्या केल्या, वर पाला, शेण, मासळीची घाण, पुन्हा पाला, असे थर दिले आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत त्याला हात लावला नाही.

मधल्या पावसाने जमिनीचं मीठ बरंच उतरलं. खड्डा उघडला तेव्हा आत काळी, भुसभुशीत माती होती आणि वास फक्त ओल्या रानाचा येत होता. एका घमेल्याला दोन रोपं या हिशेबाने तिने ती घातली. थोडं जुनं खत पाण्यात भिजवून, कोऱ्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पातळ करून पंधरवड्याला ओतलं. त्या थंडीत वांगी लागली. मिरच्या इतक्या लागल्या की फांद्यांना काठ्या बांधाव्या लागल्या. विहिरीकडच्या ओलीत अळूची पानं सुपाएवढी झाली. आबिदाला हाव सुटली. पुढच्या वर्षाचा खड्डा आत्ताच भरावा म्हणून ती जानेवारीत एकटीच कारखान्याच्या माळ्यावर चढली आणि तोंडाला ओढणी बांधून सकाळभर झाडत राहिली. धूळ एवढी उडाली की समोरची भिंत दिसेना.

दहा-बारा दिवसांनी ताप भरला. मग खोकला. छातीत कुणी दगड ठेवल्यासारखं व्हायला लागलं. अब्दुस्समद तिला अलिबागला घेऊन गेला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, काय काम करता विचारलं, आणि ऐकून चष्मा काढून ठेवला.

"त्या विष्ठेत बुरशी वाढते. कोरडं ढवळलं की ती श्वासाबरोबर फुप्फुसात जाते. लवकर आलात म्हणून ठीक आहे. औषध घ्या, महिनाभर विश्रांती. आणि ते खत..."

"सोडते," आबिदा खोकत म्हणाली.

परतीच्या रिक्षात नवऱ्याने औषधांची पिशवी मांडीवर धरली होती. आबिदा बाहेर बघत होती. आता पेव्हर ब्लॉक येणार, असं तिने मनाशी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून तिला पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. कुवेतहून आलेली ती पेटी अब्दुस्समदने दीड वर्षात उघडली नव्हती. त्यातून हातमोजे निघाले, धुळीपासून डोळे झाकायचा चष्मा निघाला, दोन्ही गालांवर डबीसारखी गाळणी असलेला रबरी मास्क निघाला. ते सगळं त्याने तिच्या उशाशी मांडलं.

"सिमेंटच्या धुळीत माणसं मरताना बघितलीत मी," तो म्हणाला. "आमच्या साइटवर नियम होता. धूळ आहे तिथे आधी पाणी. मग मास्क. मग काम. तू माळ्यावर पाणी मारलं होतंस?"

"नाही."

"मास्क?"

"ओढणी होती."

"ओढणी!" त्याचा आवाज चढला आणि लगेच फाटला. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "मला सांगायचं नाही का?"

"खुर्चीला काय सांगायचं?" आबिदाच्या तोंडून निघून गेलं.

तो रागावेल असं तिला वाटलं. तो खाली बसला, तिच्या पायांवरची चादर सारखी केली. "कामाला बंदी नाही," तो हळू म्हणाला. "बिनमास्क कामाला बंदी. आणि माळ्यावर तू नाही, मी."

महिनाभर आबिदा पलंगावरून सांगत राहिली आणि तो करत राहिला. शेवाळ न धुता घातल्याबद्दल त्याने बोलणी खाल्ली. मासळीची घाण वरवर पुरली म्हणून कुत्र्यांनी वाफा उकरला, तेही त्याने निस्तरलं. नीराबाई त्याला मास्क लावून माळ्यावर पाणी मारताना बघून आली आणि पलंगाशी बसून डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसली. "तुझा धनी चंद्रावर निघालाय, भाभी!" पण पावसाच्या तोंडावर त्याच धन्याने तिला सांगितलं की पाकोळ्यांच्या पोटाशी पिल्लं आहेत, दोन महिने माळ्यावर कुणाला चढू द्यायचं नाही. नीराबाईने कुलूप घातलं.

ऑगस्टमध्ये कुवेतहून फोन आला. कंपनी जुन्या माणसांना परत बोलवत होती, दोन वर्षांच्या करारावर. अब्दुस्समदने बोलणं संपवलं आणि मागे वाडीत आला. आबिदा दोडक्याच्या वेलाला सुतळी बांधत होती. तब्येत बरी होती, फक्त चढ चढताना दम लागायचा.

त्याने सगळं सांगितलं. मग विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

सव्वीस वर्षांत तो तेरा वेळा गेला होता, आणि हा प्रश्न त्याने एकदाही विचारला नव्हता. विचारायची रीतच नव्हती. आधी घर बांधायचं होतं, मग मुलांची शिक्षणं, मग अनमचं लग्न. आबिदाने सुतळीची गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली.

"घर तर चाललंय," ती म्हणाली. "मुसअब पाठवतो. भाजी विकत घ्यावी लागत नाही."

"ते मी विचारलं नाही."

तिने उरलेली सुतळी हाताभोवती गुंडाळली.

"मग इथेच थांबा," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. खिशातला फोन काढून विहिरीच्या कठड्यावर ठेवला, सुतळीचं दुसरं टोक हातात घेतलं आणि विचारलं, "हे कुठे बांधायचं?"