चकलीच्या डब्यातलं पिस्तूल

मी घाबरट आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकून तुम्ही फार हसणार नाही. सातवी शिकलेली बाई मी, नवरा इथे डच मुलखात, आइंडहोवनला हॉटेलात स्वयंपाकी, आणि बाहेर कोरोना. दाराची कडीसुद्धा मी साबणाने धुवायचे. अशा बाईच्या घरी पोलीस यावेत, तेही पिस्तुलासाठी?

झालं असं, की दिवाळीआधी आम्ही सरहद्दीवरच्या व्हेन्लोच्या पलीकडे जर्मनीत सामान आणायला गेलो. तिथल्या दुकानात टिकल्यांचं पिस्तूल दिसलं. काळंभोर, अगदी खऱ्यासारखं. चार वर्षांच्या लेकीसाठी, इरासाठी घेतलं. टिकल्या फोडल्याशिवाय दिवाळी कसली? दुकानात राजरोस मिळतंय, उडवायचं आपल्याच बाल्कनीत, मग भ्यायचं कशाला? भ्यायला पाहिजे तिथे मी कधी भीत नाही, बघा.

परकर-पोलक्यातल्या इराने बाल्कनीत पिस्तूल रोखलं. मी फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला, हॅपी दिवाळी.

दुसऱ्या दिवशी मास्क लावलेले दोन पोलीस दारात. ह्यांनी दार उघडेपर्यंत मी पिस्तूल चकलीच्या डब्यात कोंबलं. हे त्यांना सांगत होते, घर आमचं, बाल्कनी आमची.

पोलीसबाई शांतपणे म्हणाली, "घर तुमचंच आहे. पण खऱ्यासारखं दिसणारं पिस्तूल इथे घरातही ठेवता येत नाही. जर्मनीत चालत असेल."

मी मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हटलं, आमच्याकडे तसलं काही नाही.

एवढ्यावर ते गेलेही असते. पण दिवाळीत दारात आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं? मी डबा आणला, झाकण काढलं आणि पुढे केला.

चकली कोणीच घेतली नाही.

ताकीद मिळाली, पिस्तूल गेलं. पण कळवलं कोणी? समोरच्या खिडकीत रीट आजी बसायच्या. ऐंशीच्या, एकट्या. लॉकडाऊनमध्ये रोज सकाळी इराला हात हलवायच्या. ह्या देशात पोरीला तेवढी एकच आजी. आमची बाल्कनी त्यांच्याच समोर, म्हणजे त्याच! मी पडदा ओढला. फराळाचं ताट दिलं नाही. इरा विचारायची, आजी का दिसत नाहीत? मी सांगायचे, त्यांनी आपल्याकडे पोलीस पाठवले.

तीन आठवड्यांनी पत्रपेटीत चिठ्ठी आली. ह्यांनी वाचून दाखवली. छोटी बरेच दिवस दिसली नाही, आजारी तर नाही ना? सूप करून दारात ठेवू का?

पोलीस बोलावणारी बाई असं विचारेल का? ह्यांनी ग्रुप उघडला. माझ्या फोटोखाली त्याच दिवशी चौथ्या मजल्यावरच्या माणसाने लिहिलं होतं, पिस्तूल खरं वाटलं म्हणून पोलिसांना मीच कळवलं, माफ करा. डचमधलं मी वाचते कुठे? आणि रीट आजींकडे तर तसला फोनच नाही.

उरलेल्या चकल्या ताटलीत घेतल्या, इराचं बोट धरलं आणि निघाले. वाटेत डचमधलं एक वाक्य घोकलं, इराला खोकला होता. आजींनी दार उघडलं, दोन हात मागे सरकल्या. मी वाक्य म्हटलं.

इराचं डच माझ्यापेक्षा चांगलं. ती म्हणाली, "मला खोकला नव्हता. आईला वाटलं, तुम्ही पोलीस बोलावले." मग डब्याची गोष्टही पहिल्यापासून सांगून टाकली.

आजींनी ताटलीतल्या चकल्या एकेक उचलून खाली काही आहे का ते पाहिलं, आणि एक खाल्ली.

"मऊ आहे," म्हणाल्या.

"तीन आठवड्यांपूर्वी कडक होती," मी म्हटलं. त्या दिवशी एवढंच एक वाक्य मी खरं बोलले.