दुसऱ्या मजल्यावरची मिठी

माझ्या इस्त्रीच्या दुकानासमोर कुणी उगाच उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. थेरगावातल्या आमच्या गल्लीत आधीच जागा नाही. हा माणूस मास्क लावून रोज संध्याकाळी यायचा आणि समोरच्या दुसऱ्या मजल्याकडे बघत राहायचा. एकदा मी हटकलंच.

"वर माझंच घर हाय, भाऊ. पोरीला कांजिण्या आल्यात."

"मग वर जा की."

तो चाकणला कंपनीत होता. रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा धाकट्या भावाच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, त्याला दिल्या होत्या. "नवं रक्त अजून तान्हं हाय," तो म्हणाला. "पोरीचं दुखणं मला झेपायचं न्हाई." म्हणून तो चाकणजवळ निघोज्याला भावाकडे राहत होता.

"बाबा, उचलून घ्या ना!" पोरगी गॅलरीतून ओरडायची. तो स्वतःलाच घट्ट मिठी मारून डोलायचा. वर तीही तसंच करायची.

पोरीच्या खपल्या पडल्या आणि तो घरी आला. पुढं बऱ्याच दिवसांनी कपडे घेऊन दुकानात आला, तेव्हा डावा हात अंगापासून लांब धरून होता.

"कडक इस्त्री नको, भाऊ. कापड लागलं तरी जाळ होतो. नागीण झाली."

"पोरीकडून?"

"न्हाई. माझ्याच लहानपणच्या कांजिण्या अंगात दबून होत्या. आता त्यांना अडवणारं जुनं रक्तच न्हाई, तर उठल्या."

तेवढ्यात पोरगी हात पसरून धावत आली. त्यानं उजव्या हातानं तिला थोपवलं.

"लांबूनच, बाळा. वरनं करायचीस तसं."

हातभर अंतरावर उभी राहून तिनं स्वतःलाच मिठी मारली.