खांबातली हवा

घोडपदेवची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तेव्हा मी एका प्रयोगशाळेत काँक्रीटचे एक्स-रे काढत होते. माणसाचा सीटी स्कॅन करतात, तसाच काँक्रीटच्या तुकड्याचा करायचा. आत हवा कुठे अडकलीय ते दिसतं.

चाव्या द्यायच्या आधी बिल्डरने आम्हाला इमारत दाखवली. आई वर जाऊन किचनचा ओटा बघत होती. मी पार्किंगमध्येच थांबले. बाकी सगळे खांब उघडे आणि एकालाच खालून नव्या सिमेंटचा लेप. मला ते खटकलं.

तो खांब तपासा म्हणून मी आमच्या रहिवाशांच्या कमिटीच्या मागे लागले. अखेर सगळ्यांसमोर त्या खांबातून मनगटाएवढा जाड तुकडा कापून घेतला. आमच्या साहेबांना विचारून मीच तो मशीनमध्ये ठेवला. पडद्यावर खडी करडी दिसत होती आणि तिच्याभोवती काळ्या पोकळ्या, एकीतून दुसरीत शिरलेल्या. काँक्रीट ओतताना आतली हवा बाहेर काढणारा व्हायब्रेटर नीट फिरवलाच नव्हता.

दादरला बिल्डरची आणि आम्हा रहिवाशांची मीटिंग झाली, तिथे मी ती चित्रं भिंतीवर दाखवली. बिल्डरचा इंजिनीअर हसला. "मॅडम, हवा सगळ्याच काँक्रीटमध्ये असते."

"असते. बारीक, गोल, सुटी सुटी. ही बघा, सलग आहे. इथून पाणी सळीपर्यंत जाणार, सळी गंजणार."

"मग चाव्या नकोत का तुम्हाला?"

सभा माझ्यावरच उलटली. चाळीतले शेजारचे काका ओरडले, "भाड्याच्या खोल्यांत किती वर्षं काढायची गं? तुझ्या फोटोपायी?"

मी खाली बसले नाही. तेवढ्यात आई उठली.

"भाड्याच्या खोलीत कोण मरत नाय. ह्या खांबाखाली मरतील. मी चावी घेणार नाय. ज्याला घ्यायची त्याने घ्या."

मग मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "मी पण नाय घेणार." त्या दिवशी कोणीच चावी घेतली नाही.

बाहेरच्या तज्ज्ञांनी मग सगळेच खांब तपासले. तळमजल्यावरचे आणखी काही तसेच निघाले. टेकू लावून ते फोडले, पुन्हा भरले. भरताना मी रजा टाकून समोर उभी राहायचे. इंजिनीअर म्हणायचा, "तुमचा विश्वास नाही का?"

"नाही," मी सांगायचे.

घर उशिराच मिळालं. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. लिफ्टमध्ये भेटले की वर आकडे बघत राहतात. बघू देत. सुखरूप वर जातायत ना!