पहिली पँट होईपर्यंत

माझ्या ताईला कुणी शांत बाई म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शांत नाही ती, दमलेली आहे. हा फरक तिच्या घरात कुणी कधी समजून घेतला नाही, कारण समजला असता तर उठून काहीतरी करावं लागलं असतं.

ताई कपडे दुरुस्त करते. नवं काही शिवत नाही. लांब झालेली पँट आखूड करायची, बिघडलेली चेन बदलायची, कुणी बारीक झालं की त्याचा कोट आत घ्यायचा, पुन्हा जाड झालं की तोच कोट सोडायचा. खाली दुकान, वर घर आणि मधे लाकडी जिना. तो जिनाच तिचा वैरी. वर सासरे असतात, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेले. आणि भाऊजी असतात. भाऊजींनी कंपनीतून लवकर निवृत्ती घेतली, ‘आता जरा जगू या’ म्हणून. जगतायत बिचारे सोफ्यावर, मोबाइल छातीवर ठेवून.

दिवसभर त्या जिन्यावरून हाका येतात. “अगं, बाबांना पाणी हवंय!” “अगं, माझा चार्जर कुठेय?” “अगं, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करू का?” ही शेवटची मी माझ्या कानांनी ऐकली आहे. बंद करू का! माणसाने एवढी मोठी कंपनी सांभाळली म्हणे, आणि गॅसच्या बटणाला बायकोची परवानगी लागते.

ताई प्रत्येक हाकेला उठायची. हातातली कात्री ठेवायची, वर जायची, खाली यायची, आणि आपण काय करत होतो ते आठवत उभी राहायची. एकदा एका वेटरची पँट आली होती. नवी कोरी, नव्या नोकरीसाठी घेतलेली. ताईची पद्धत अशी की एक पाय कापला की त्याला टाचणी लावायची, म्हणजे दुसरा कुठला ते कळतं. त्या दिवशी कापला आणि टाचणी उचलणार तोच वरून हाक आली. परत येऊन तिने पँट उचलली आणि तोच पाय पुन्हा कापला.

वेटरने पडद्यामागे जाऊन पँट घातली आणि बाहेर आला. एक पाय जमिनीवर लोळतोय, दुसरा नडगीपर्यंत. तो बिचारा हसला. म्हणाला, “एका पायाने नोकरी करावी लागणार.” ताई मात्र मशीनवर डोकं टेकून अशी रडली की त्यालाच तिला पाणी द्यावं लागलं. इतकी वर्षं कात्री चालवली, पण असं कधी झालं नव्हतं. “माझं डोकं जागेवर नाही गं,” असं ती मला फोनवर सांगत होती, आणि मागून भाऊजींची हाक येतच होती.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. ताईची नणंद लांब राहते आणि उंटावरून शेळ्या हाकते. तिने सांगितलं, “वहिनी, पहाटे उठून ध्यान कर. आणि एवढं झेपत नसेल तर दुकान बंद करून टाक, कशाला जिवाचे हाल?” भाऊजींनी आणखी वरताण केली. ताईच्या दिवसाचं रंगीत वेळापत्रक छापून फ्रिजवर लावलं. कोमट पाणी, व्यायाम, स्वयंपाक, बाबांची अंघोळ, दुकान, बाबांची औषधं. त्यात भाऊजींच्या नावाचा एकच चौकोन होता, फिरायला जाणे. मी तो कागद बघितला आणि कसंबसं तोंड आवरलं. दुकान गेलं तर ताईचं स्वतःचं म्हणून काय उरणार, हा विचार त्या दोघा भावंडांच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

ताईने ते वेळापत्रक काढलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पँटचा आराखडा काढला. मग वर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, “रोज सकाळी बाबांचं सगळं आवरून मी खाली जाणार. शटर अर्धं ठेवणार, मशीनला तेल घालणार आणि एक पँट करणार. ती पहिली पँट होईपर्यंत मला कुणी हाक मारायची नाही. बाकी दिवस आहेच तुमचा.”

बस, एवढंच मागितलं तिने. सुट्टी नाही की सहल नाही. एक पँट! तरी भाऊजींचं तोंड आंबट झालं.

पण ताई बदलली, हे मी बघितलं. आठवड्यातून एकदा मी तिच्याकडे बटणं लावायला जाते. सकाळी ती मशीन पुसायची, तेलाचे थेंब सोडायची, चाक हाताने फिरवून आवाज ऐकायची. कापायचं, टाचणी लावायची, दुसरा पाय त्याच्यावर ठेवायचा. मधे कुणी नाही. पँटची घडी घालून फळीवर ठेवताना तिचा चेहरा पूर्वीसारखा दिसायचा. त्यानंतर दिवसभर कितीही हाका आल्या तरी तिचा तोल जात नव्हता.

मग तो दिवस आला. मी दुकानातच होते. पहिली पँट झाली, ताई वर गेली आणि तिने मला हाक मारली. तिचा आवाज ऐकूनच मी धावले.

बाबा ओल्या अंथरुणात पडले होते. चादर, गादी, सदरा, सगळं भिजून गार झालेलं. म्हातारा थरथरत होता.

“बाबा, हाक का नाही मारलीत?” ताईने त्यांचा हात धरून विचारलं.

“याला मारली,” बाबा म्हणाले. “दोनदा मारली. तो म्हणाला, थांबा जरा, तिची पँट होतेय.”

भाऊजी दारात उभे होते. वर तोंड करून म्हणाले, “तूच सांगितलं होतंस ना, मधे बोलवायचं नाही म्हणून? मी तर तुझा नियम पाळला.” त्यांच्या हातातल्या फोनवर नणंद होतीच. फोनमधूनच ओरडली, “म्हातारा माणूस ओल्यात पडलाय आणि हिला पँट सुचतेय! पुरे झालं ते दुकान!”

माझे हात शिवशिवत होते. फोन हिसकावून खिडकीबाहेर भिरकावावा असं वाटलं. पण मला जास्त भीती ताईची वाटली. ती बाबांचा गार पडलेला हात धरून खाली मान घालून बसली होती. आता ही हो म्हणणार, दुकानाला कुलूप लावणार, असंच मला वाटलं.

ती उठली. भाऊजींच्या हातातला फोन घेऊन तिने बंद केला.

“बाबांना खांद्याला धरून उचला,” ती म्हणाली. भाऊजींनी उचललं. तिने सदरा बदलला, त्यांच्याकडूनच गादी पुसून घेतली, चादर घालून घेतली. त्यांना चादरीचा कोपरासुद्धा खोचता येईना. तिने मदत केली नाही, मलाही करू दिली नाही. बाबांच्या अंगावर पांघरूण आलं तेव्हा तिने कोपऱ्यातली खुर्ची ओढून पलंगाला लावली.

“उद्यापासून माझी पहिली पँट होईपर्यंत तुम्ही इथे बसायचं.”

“आणि इथे बसून मी करू काय?” भाऊजी फणकारले.

“हाक आली की उठायचं,” ताई म्हणाली. “लग्न झाल्यापासून मी तेच करत आलेय.”