मामांचे अनवाणी पाय

कोल्हापूरजवळच्या ट्रॅकवर सकाळपासून भुरभुर चालली होती. गाडी पळवायला मला वीस मिनिटं मिळणार होती आणि त्याआधीच माझे दोनदा टायर बदलून झाले होते. खोल खाचांचे टायर पाणी बाजूला सारतात, पण ट्रॅक वाळला की तेच तापून सोलवटतात. गुळगुळीत टायर कोरड्यावर घट्ट धरतात आणि ओल्यावर दगा देतात. मी आभाळाकडे बघायचो, मग शेजारच्या गाडीच्या चाकांकडे. शेजारचा माझ्या चाकांकडे बघत होता.

आमचे मेकॅनिक शंकरमामा चपला काढून पहिल्या वळणापर्यंत अनवाणी चालून आले.

"वाळेल का, मामा?"

"आत्ता वला हाय. फुडचं मला काय ठावं?"

नोकरी सोडायची होती तेव्हाही मी असाच इतरांची चाकं बघत राहिलो, आणि सोडायची वर्षं निघून गेली. माझे पाय कधी जमिनीला लागलेच नाहीत.

"खाचांचे चढवा," मी म्हणालो.

शेवटचा नट आवळला आणि ऊन पडलं. शेजाऱ्यानं लगेच चाकं उतरवायला घेतली. माझा हात पान्याकडे गेला.

मामांनी पाना आधीच काखेत मारला होता.