दिनेशची चटई

सलाईन थेंब थेंब पडतं, पण बायकांची तोंडं धो धो चालतात! केमोच्या खुर्चीत शेजारी शेजारी बसलं की किस्से साचणारच. मला लिहितावाचता येत नाही, म्हणून एकही विसरत नाही.

आम्ही तिघी. मी दिंडोशीची, मूळची मालवणकडची. दुसरी फिलू, गोराईची, बोरिवलीच्या बाजारात मासे विकणारी. तिसरी घाटकोपरची रुपाली, जेमतेम पस्तिशीची, आमच्याच कोकणातली. तिघींना छातीचा कॅन्सर, तिघींची एकच डॉक्टरीण.

*

ही डॉक्टरीण तरुण, पण धीट. प्रत्येकीला विचारायची, "घरी नवऱ्याजवळ जाताना काही त्रास? कोरडेपणा? दुखतं?" फिलूला विचारलं, रुपालीला विचारलं, मला सोडून पुढे निघाली.

मी म्हटलं, "अगो बाई, माझा नंबर?"

"आजी, तुमचं वय…"

"वय झालंय माझं. लग्न अजून चालू आहे!"

अख्खा वॉर्ड हसला. डॉक्टरीण लाजली, पण परत येऊन बसली आणि नीट सगळं विचारलं. त्या दिवसापासून ती कुठल्याच म्हातारीला सोडत नाही. हा नियम माझ्यामुळे झाला, हे मी येईल त्याला सांगते!

*

फिलूची तऱ्हा वेगळी. केमो चालू असताना दिवस जायला नकोत, म्हणून डॉक्टरिणीने निरोध वापरायला सांगितलं होतं. कोरडेपणावर फिलूने आपलं डोकं चालवलं आणि खोबरेल लावलं. निरोध फाटला! दुसऱ्या दिवशी धावत दवाखान्यात.

"तेलाने रबर फाटतं, फिलूताई. पाण्याचं जेल मिळतं, ते घ्या."

फिलू मेडिकलात गेली आणि मोठ्याने जेल मागितलं. दुकानदाराने घाबरून आजूबाजूला बघितलं, मग पेपरात गुंडाळलं, वर काळी पिशवी.

फिलू म्हणाली, "मी भर बाजारात पापलेट उघडं विकते. तू ही ट्यूब कशाला लपवतोस रे?"

*

आता माझं. ऑपरेशननंतर मी आमच्या ह्यांच्यासमोर ब्लाऊज बदलायची नाही. दार लावून घ्यायची. हे गिरणीतले, बोलणं कमी. एक दिवस दाराबाहेरूनच म्हणाले, "गिरण बंद पडली तेव्हा तू माका टाकलंस काय?"

मी कडी काढली.

हा किस्सा सांगितला तेव्हा फिलूने नाक शिंकरलं. रुपाली मात्र खाली मान घालून बसली.

*

तेव्हाच मला कळायला हवं होतं. केमो संपली, तिघींना रोजच्या गोळ्या लागल्या. पुढच्या तपासणीला रुपाली हळूच म्हणाली, "आजी, मी गोळ्या बंद करतेय. अंगातून वाफा निघतात, खाली सगळं कोरडं. आणि कुणासाठी सोसू? हे खाली चटईवर झोपतात. तोंड भिंतीकडे. माझी किळस येते त्यांना."

मी तिला हाताला धरून आत नेलं. डॉक्टरिणीने समजावलं, "गोळी मनाने बंद करायची नाही. ह्याच गोळीने आजार परत येण्याची भीती कमी होते. कोरडेपणाला बिनहार्मोनचं जेल आहे. घाई नको, हळूहळू. आणि दुखलं तर थांबायचं, मला सांगायचं."

रुपालीने जेल घेतलं. पण चटईला कुठलं जेल?

*

दिनेश, म्हणजे तिचा नवरा, बाहेर चहा पीत उभा. मी गाठलाच. "काय रे, बायकोची किळस येते?"

"आजी, असं बोलू नका हो!"

"मग चटई कसली?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ऑपरेशनच्या दिवशी गावच्या देवीला नवस बोललो. हिचं औषध संपेपर्यंत चटईवर झोपेन, हिला हात लावणार नाही. नवस सांगायचा नसतो ना. मला वाटलं, सहा-सात महिने. आता डॉक्टर म्हणते गोळ्या पाच वर्षं! आजी, माझी वाट लागली!"

बोला! ही म्हणते किळस, हा म्हणतो देवी. आणि मधल्या मधे गोळी बंद व्हायला निघालेली.

मी त्याला ओढत रुपालीसमोर आणून उभा केला. "सांग तिला." त्याने सांगितलं. रुपालीने त्याचा हात धरला, तर हा दोन पावलं मागे.

"पण आजी, नवस मोडला आणि हिला काही झालं तर?" हा घाबरलेलाच.

म्हटलं, थांब. गावाला माझे वडील देवळात सगळ्यांच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालायचे, लोक पाठोपाठ 'होय म्हाराजा' म्हणायचे, मला तोंडपाठ. पदर खोचला आणि तिथेच, बाकड्यांच्या मधोमध, हात जोडून सुरू केलं.

"गे आई माउली! ह्या तुझ्या लेकरान बायलेसाठी नवस केल्यान. औषध म्हणजे ती सुई नि सलाईन, ता संपला!"

"होय म्हाराजा!" फिलू ओरडली. गळ्यात क्रॉस, पण आवाज सगळ्यात मोठा.

"गोळी म्हणजे जेवणातला लोणचा. तेचो हिशोब धरू नको गे आई!"

"होय म्हाराजा!" आता सगळी बाकडी.

"तुका साडी देतलो, नारळ देतलो. ह्येका चटयेवरसून उठव नि हिका गोळी घेऊची बुद्धी दी!"

"होय म्हाराजा!" हा आवाज मागून आला. बघते तर डॉक्टरीण, केबिनच्या दारात, हात जोडून!

*

पुढच्या तपासणीला रुपाली आली. केस कानापर्यंत वाढलेले, त्यात अबोली.

"गोळ्या?"

"चालू आहेत, आजी."

"आणि चटई?"

"गच्चीवर आहे. पापड घातलेत तिच्यावर."