मीच केलेली माझी चौकशी

गुढीपाडव्याच्या दिवशी मी मैतराचा सदरा घालून दुकानात गेलो. बाह्या उलशा लांब होत्या, त्या दुमडून घेतल्या. त्या दिवशी गादीवर मी बसणार होतो. तसं मला कुणी सांगितलं न्हवतं, पण दुसरं बसणार तरी कोण?

आमचं दुकान परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या घाऊक बाजारात, खत-बियाणांचं. मालक मूळचा कास्तकार, त्यामुळं दुकानबी शेतासारखंच चालवायचा. सालगडी जसा पाडव्याला ठेवायचा आन् पाडव्यालाच सोडायचा, तशी दुकानातली कामंबी पाडव्यालाच बदलायची. काट्याची पूजा झाली की मालक ज्याच्या हातात विडा ठेवंल, त्यानं वर्षभर गादीवर बसायचं, पावत्या फाडायच्या, गल्ला सांभाळायचा. जुने मुनीमजी थकले आन् दिवाळीला गावी निघून गेले. तवापासून पाच महिने पावत्या मीच फाडत होतो. खताची पोती उचलणं, सायकलवर बियाणांच्या पिशव्या बांधून आठवडी बाजार करणं, हे तर चार वर्षांपासून माझंच.

बाजारात मी लय चालायचो. नकला ना! ताडकळसच्या बाजारात पत्र्याचा भोंगा तोंडाला लावायचो आन् रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमातल्या माणसासारखं नाकातून "शेतकरी बंधूंनो" सुरू करायचो. मधीच तलाठ्यासारखा खाकरायचो. मंग हायब्रीडची भाकर गोड का गावरान ज्वारीची, ह्यावरून सासू-सुनेचं भांडण लावायचो, दोघींच्याबी आवाजात. लोकं हसायची आन् हसता हसता पिशवी घेऊन जायची. पगार मात्र हमालाचा, महिना साठ रुपये.

मालकानं विडा उचलला. मी हात थोडासा पुढं केलाबी होता. विडा माझ्या खांद्यावरून गेला आन् मागं उभ्या असलेल्या एका गोऱ्यागोमट्या पोराच्या हातात पडला. पेडगावच्या कुण्या मोठ्या कास्तकाराचं पोरगं. मी त्याला गिऱ्हाईक समजलो होतो. सायकल कुठं लावायची ते मघाशी मीच त्याला दाखवलं होतं. आता पुढं केलेल्या हाताचं काय करावं? मी तो तसाच डोक्यावर नेला आन् केस सारखे केले.

समदे गेल्यावर मी मालकाजवळ गेलो.

"मालक, मंग मपलं?"

"तुपलं काय?"

"गादीचं म्हणायलोय."

"येड्या, तू गादीवर बसलास तर बाजारात कोण ओरडंल? हे पेडगावचं लेकरू ओरडंल का?"

बोलणं तसं बरोबर होतं. पण हे बोलताना तो माझ्याकडं बघायला तयार न्हवता. काट्याच्या पारड्यावरचं कुंकू दस्तीनं पुसायलता. आत्ताच लावलेलं पूजेचं कुंकू कुणी पुसतं का? तिथंच मला शक आला.

आन् एकदा शक आला की मंग काय, मला समदीकडं तेच दिसायलं. मालकाची नक्कल मी गोदामात करायचो, पोटावर हात फिरवत "बरकत हाय, बरकत हाय" म्हणत. ती कुणी जाऊन सांगितली का? का माझं अक्षर नडलं? का तिसरंच? आमचं घर बौद्ध वस्तीत. धम्म घेतल्याला लय वर्षं झाली, मी तवा मायच्या कडेवर होतो. पण दुकानात माझा पाण्याचा गिलास खिडकीत येगळा असायचा. तो येगळा ठेवा असं मालक कधी तोंडानं बोलला न्हाई. पहिल्या दिवशी मुनीमजीनं "हा तुझा" म्हणून दाखवला, तेवढंच. न बोललेल्या गोष्टीवर भांडावं तरी कसं? विडा नक्कलीमुळं हुकला असता तर मी नक्कल सोडली असती. अक्षरामुळं हुकला असता तर कित्ता गिरवला असता. तिसऱ्याला मी काय करणार होतो?

पेडगाववाला तर आणखीनच वाईट निघाला, म्हणजे चांगला निघाला. दुसऱ्या दिवशी घरून शेंगा घेऊन आला आन् अर्ध्या माझ्यापुढं ठेवल्या.

"घे ना गड्या. आमच्या शेतातल्या हायत."

मी शेंगा फोडून आत बघितलं. शेंगाच होत्या. तरीबी मी त्याच्याकडं तिरकं बघतच खाल्ल्या.

मैतर माझा कंपाउंडर होता, मोंढ्याच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. आमी एकाच बाकड्यावर शिकलेलो. सदरा त्याचाच. त्याला परत द्यायला गेलो तर तो म्हणला, "लेका, चार वर्षं झाली. दुसरीकडं बघ की."

बघितलं. आधी तेलाच्या मिलवर गेलो. तिथला माणूस खूश झाला, म्हणला, "ताडकळसला तूच असतो ना? सोमवारी ये." सोमवारी गेलो तर जागा भरलेली. मंग लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो. तिथंबी तसंच, पहिल्या दिवशी चहा पाजला आन् दोन दिवसांनी या म्हणला. दोन दिवसांनी गेलो तर चहाचं नाव न्हाई. मी काउंटरजवळ उभा राहिलो तसं त्यानं तिथला बिजागऱ्यांचा खोका हळूच आपल्याकडं ओढून घेतला.

त्या रात्री मला जेवण गेलं न्हाई. मायला वाटलं, भाकरीबरोबरचं कोरड्यास बिघडलं. मी मनाशी म्हणलं, दोन दिवसांत ह्याला माझी वस्ती कळाली. माझा हात लागंल म्हणून खोका ओढला.

मैतराला सांगितलं तर तो गोळ्यांच्या पुड्या बांधता बांधता थांबला.

"पहिल्या दिवशी चहा कशात दिला?"

"कपात. त्यांच्याच."

"तवा तुझी वस्ती त्याला ठावं न्हवती का? उभा मोंढा तुला वळखतो. मधल्या दोन दिवसांत त्यानं कुणाला तरी इचारलंय. आन् तुझ्याबद्दल इचारायचं झालं तर कुणाला इचारंल?"

"मालकाला."

"मंग मालक काय सांगायलाय, ते बघ की."

"मालक मला सांगंल का?"

"तुला कामून सांगंल?" असं म्हणून तो डॉक्टरच्या टेबलावरच्या काळ्या फोनकडं बघायलता. मीबी तिकडंच बघायलतो.

डॉक्टर दुपारी एक ते तीन घरी जेवून झोपायचे. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून जेवायला म्हणून निघालो ते दवाखान्यात. मैतरानं दार लोटलं, एक्सचेंजला नंबर सांगितला आन् रिसीव्हर माझ्या हातात दिला. तो दाराच्या फटीतून रस्त्यावर नजर ठेवायलता. मला नकलेच्या येळेला कधी भीती वाटायची न्हाई. आधी मी एक्सचेंजवाला झालो. कंटाळलेल्या आवाजात म्हणलं, "गंगाखेडहून ट्रंक आहे, बोला." मंग तोंड जरा लांब नेलं आन् गंगाखेडचा व्यापारी झालो. पन्नाशीचा, तंबाखू खाणारा, दर वाक्याला "क्या हाय की" म्हणणारा. असा कुणी व्यापारी गंगाखेडला न्हवता. तो मी आदल्या दिवशी पोती उचलता उचलता तयार केला होता.

"नमस्कार. क्या हाय की, हितं मी खताचं दुकान टाकायलोय. तुमच्याकडचं एक पोरगं कामाला येतो म्हणायलंय. भोंग्यावर ओरडतं ते."

मंग मालक म्हणला, "तुमच्यापर्यंत बी आलं का?"

"क्या हाय की, हुशार वाटलं."

"हुशार हाय की. लय हुशार हाय. म्हणूनच सांगायलोय, घेऊ नका."

"कामून?"

"हात साफ न्हाई त्याचा."

माझ्या आवाजात ओरडावं तर व्यापारी मरतो, आन् व्यापाऱ्याच्या आवाजात माझ्या बाजूनं भांडावं तर त्याला काय पडलंय? मैतर खुणेनं इचारायलता, काय म्हणला, काय म्हणला. मी खोकलो. त्या खोकल्यात जरा येळ काढला.

"अरारा," मी म्हणलं. "मंग तुमी कसं ठेवलंय?"

"ठेवलंय, काय करता. गरिबाचं लेकरू हाय."

"मेहेरबानी झाली, सांगितलंत ते," मी म्हणलं. माझ्याबद्दल असं बोलणाऱ्या माणसाचे मी उपकार मानले आन् फोन ठेवला.

दुकानात परत गेलो. मालक नेहमीसारखा बसला होता. मला बघून म्हणला, "कुठं मेला होतास? मिश्रखताची गाडी आलीय. हे घे." आन् त्यानं कंबरेची किल्ली काढून माझ्याकडं फेकली. गोदामाची. आत लाखभराचा माल. "एकटाच उतरून घे, मोजून कुलूप लाव, मी जरा पडतो."

मी किल्ली हातात धरून उभाच राहिलो. अर्ध्या तासापूर्वी ज्याचा हात साफ न्हवता, त्याच्याच हातात ही किल्ली! म्हणजे चोरीचं त्याला स्वतःलाच खरं वाटत न्हवतं. ते दुसऱ्यांसाठी होतं. मृग तोंडावर आलेला, बियाणांचा हंगाम सुरू व्हायलता, आन् मी गेलो तर ताडकळसला भोंगा कोण लावणार? बिजागऱ्यांचा खोका वस्तीसाठी ओढला न्हवता, चोरासाठी ओढला होता. कोणतं जास्त लागलं ते मला आजबी सांगता येत न्हाई. मला गादीवरबी बसवायचं न्हाई आन् दारातूनबी जाऊ द्यायचं न्हाई, हे मात्र कळालं.

गाडी उतरवता उतरवता दुसराच किडा वळवळायलता. मालकानं आवाज वळखला तर नसंल? "तुमच्यापर्यंत बी आलं का," असं तो जरा हसून बोलल्यासारखं वाटलं होतं. मंग किल्लीबी मुद्दामच फेकली का? चोर म्हणल्यावर मी काय करतो ते बघायला? मी एकेक पोतं दोनदा मोजलं. त्या दिवशी माझ्याइतका इमानदार माणूस अख्ख्या परभणीत न्हवता.

आठ दिवस मी असे काढले. थांबावं का जावं? थांबलो तर साठ रुपये तरी मिळतात आन् माय शेजारणीला "पोरगं मोंढ्यात हाय" म्हणून सांगते. गेलो तर जिथं जाईन तिथं आधी मालकाचं बोलणं पोचंल. मैतर म्हणला, "फोनवर तो कायबी सांगंल. कागदावर चोर म्हणून लिहून सही करंल का?"

तेवढं मला पुरं झालं.

परभणीच्या बाजाराच्या दिवशी, दुकान गच्च भरलेलं असताना, मी मोठ्यानं म्हणलं, "मालक, मला एक दाखला पाहिजे. चालचलनाचा."

"कशाला?"

"असावा जवळ."

"उद्या बघू. आता गर्दी हाय."

"लिहायला किती येळ लागतो मालक? चार वर्षं काम केलं, इमानदारीनं केलं, एवढंच."

ताडकळसचा एक म्हातारा बियाणांच्या पिशवीवर बसला होता. तो म्हणला, "द्या की हो. लय गुणाचं लेकरू हाय. माझ्या म्हातारीची नक्कल माझ्यासमोर करतंय, पण एक दाणा इकडचा तिकडं करत न्हाई."

लोकं हसली. मालकबी हसला, पण हात लेखणीकडं जाईना. तेवढ्यात गादीवरनं पेडगाववाला म्हणला, "काका, मी लिहितो. तुमी फक्त सही करा." आन् त्यानं दुकानाचा छापील कागद पुढं ओढला. अक्षर मोत्यासारखं होतं त्याचं. ते बघून मला वाटलं, अक्षरानंबी गादी गेली असंल. "सदर इसम अत्यंत प्रामाणिक व विश्वासू आहे," असं त्यानं लिहिलं. 'अत्यंत' मी सांगितलं न्हवतं. त्यानं ते कामून घातलं, ह्याचाबी मी नंतर लय इचार केला. माझी जागा पक्की मोकळी व्हावी म्हणून, का त्याला मी आवडायचो म्हणून?

मालकानं सगळ्यांसमोर सही केली, शिक्का मारला. मंग मला गोदामाकडं घेऊन गेला आन् आवाज खाली आणून म्हणला, "सोडायलास?"

"व्हय."

"येडा हायस का? पाडव्यापर्यंत थांबायचं न्हाई, ह्या दिवाळीलाच तुला गादीवर बसवतो."

"आन् ह्याला?"

"त्याचं मी बघतो. तू हंगाम काढ."

खरं सांगतो, मी जरा पाघळलो. गादी म्हणजे गादी. मायला सांगायला काय गोड बातमी होती! मी मालकाच्या तोंडाकडं बघितलं. ह्या येळेला तो नीट माझ्या डोळ्यांत बघायलता, कुंकू-बिंकू कायबी पुसत न्हवता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"लिहून देता का, मालक?"

"आता समदंच लिहून घेतोस का रे? माझ्या बोलण्यावर भरोसा न्हाई?"

"तुमचं बोलणं ऐकलंय मी, मालक."

काय ऐकलंस, कवा ऐकलंस, असं कुणीबी इचारंल. त्यानं इचारलं न्हाई. पोटावर हात फिरवला आन् म्हणला, "बरं, बघ बाबा तुझं तू." आन् गर्दीत निघून गेला. तो इचारत न्हाई म्हणजे त्याला ठावं हाय, असं मी धरलं. पण असंबी असंल की त्याला गिऱ्हाईक सांभाळायची घाई होती. दाखल्याची घडी घातली, दुकानाच्या पायऱ्या उतरलो आन् थेट दवाखान्यात गेलो.

मैतर गोळ्या मोजायलता. माझं तोंड बघून त्यानं बाटलीला बूच लावलं.

"सोडली?"

"सोडली."

"कुणाच्या आवाजात?"

"मपल्याच," मी म्हणलं, आन् पेशंटच्या बाकड्यावर बसलो.